जुन्या कोरीव काठ्या जमवायच्यात? मग काठी खालून वर बघायला शिका

कोरीव काठ्यांचा संग्रह करायचा असं मनात आलं की बहुतेक लोक पहिल्यांदा मुठीकडे बघतात आणि तिथेच अडकतात. चांदीची आहे का, हस्तिदंत आहे का, सिंहाचं तोंड आहे का, बस्स, घेऊन टाकली. माझं मत अगदी ठाम आहे, काठी नेहमी खालून वर बघायची. आधी टोकाची शेंबी, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या टोकावरचं टोपण, मग दांडा, मग दांडा आणि मूठ जुळतात तिथलं धातूचं कडं, आणि मूठ सगळ्यात शेवटी. हे चारही भाग एकाच वेळी जोडले गेले का आणि इतकी वर्षं एकत्रच राहिले का यावर त्या काठीची सगळी शान अवलंबून असते, कारण मूठ अप्रतिम आणि दांडा काल-परवाचा अशा काठ्या बाजारात ढिगाने मिळतात आणि जाणकार माणूस त्या हातात घेतल्या घेतल्या ओळखतो.

शिकायला हे अवघड नाहीये. पण सुरुवातीचे काही महिने काहीही विकत न घेता नुसत्या काठ्या हाताळायच्या, लिलावाच्या आधी वस्तू बघायला ठेवतात तेव्हा जायचं, म्युझियममध्ये काचेला नाक लावून उभं राहायचं. डोळा तयार झाला की मग खिशात हात घालायचा.

मानाची काठी म्हणजे काय

आधार म्हणून काठी आणि मान म्हणून काठी, या दोन गोष्टी फार जुन्या काळापासून वेगळ्या आहेत. इजिप्तचा राजा तुतनखामेनचं थडगं पुरातत्त्वज्ञ हॉवर्ड कार्टरला १९२२ मध्ये सापडलं, त्यात सुमारे १३० काठ्या आणि दंड होते. त्यातल्या काही काठ्यांच्या वाकलेल्या टोकाला शत्रूचे कैदी कोरलेत, हात बांधलेले, आणि रचना अशी की राजाने काठी टेकली की ते कैदी जमिनीला लागणार. म्हणजे काठी नुसती हातात घेतली तरी समोरच्याला कळायचं की हा कोण आहे. कोरीव कामातून हुद्दा सांगणं हेच आहे, आणि मला तरी याच्याइतकं स्पष्ट उदाहरण दुसरं माहीत नाही.

युरोपात १८व्या शतकात शहरात फिरताना कमरेला तलवार लावायची पद्धत मागे पडत गेली आणि त्या जागी हातात काठी आली. १९व्या शतकात तर प्रतिष्ठित माणसाकडे दिवसाची काठी वेगळी, संध्याकाळच्या समारंभाची वेगळी. फ्रेंच कादंबरीकार बाल्झाकने १८३४ मध्ये पॅरिसच्या सोनाराकडून निळे फिरोजे जडवलेली मोठ्या मुठीची काठी करून घेतली होती आणि अख्ख्या पॅरिसमध्ये तिचीच चर्चा, ती आजही तिथल्या बाल्झाकच्या घरात जपून ठेवलेली आहे. बेंजामिन फ्रँकलिनने मृत्युपत्राच्या पुरवणीत आपली रानटी सफरचंदाच्या लाकडाची काठी, जिची सोन्याची मूठ स्वातंत्र्याचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या टोपीच्या आकाराची होती, ती जॉर्ज वॉशिंग्टनला दिली. ती आता अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या मोठ्या माणसाला द्यायला काठी निवडली यातच सगळं आलं.

आणि १९०९ मध्ये बोस्टन पोस्ट या वर्तमानपत्राच्या एडविन ग्रोझियर नावाच्या मालकाने अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागातल्या सुमारे ७०० गावांना सोन्याच्या मुठीच्या आबनुसी काठ्या पाठवल्या, गावातल्या सगळ्यात वृद्ध माणसाला मानाने द्यायला. तो गेला की पुढच्या वृद्धाला. काही गावांत ही पद्धत अजून चालू आहे. त्या काठ्या गावाच्या मालकीच्या असतात, त्यामुळे कुठे विक्रीला दिसली तर आधी विचारायचं की ही गावाकडून बाहेर आली कशी. हा प्रश्न लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे.

पहिल्या महायुद्धानंतर हे सगळं झपाट्याने ओसरलं. म्हणून संग्राहकांना हवी असलेली बहुतेक काठी त्याच्या आधीची.

आधी आपली वाट ठरवा

सगळ्याच काठ्या आवडतात, मान्य आहे, पण सगळ्याच घ्यायला लागलात तर चार वर्षांनी कोपऱ्यात नुसती गर्दी होते आणि बघणाऱ्याला काही कळत नाही. एक धागा धरा. संग्रहाला वजन धाग्याने येतं.

कोणते धागे आहेत? प्राण्यांच्या तोंडाच्या मुठी, त्यातही कुत्र्यांच्या, काचेचे डोळे बसवलेल्या. यातल्या चांगल्या कामांना लोक जर्मनीतल्या जंगलाच्या नावावरून ब्लॅक फॉरेस्ट म्हणतात पण असलं बरंचसं कोरीव काम स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ भागातलं आहे. काहींना बटण असतं, दाबलं की तोंड उघडतं, जीभ बाहेर येते. मग जपानच्या मेइजी काळातल्या (१८६८ ते १९१२) परदेशी पाठवण्यासाठी केलेल्या बांबूच्या काठ्या, अख्ख्या दांड्यावर माणसं, माकडं, ड्रॅगन कोरलेले. मग व्हेल मारायला जाणाऱ्या जहाजांवर खलाशांनी व्हेलच्या जबड्याच्या हाडातून घडवलेल्या काठ्या, दोरखंडाचा पीळ कोरलेल्या. इंग्लंडमधल्या साधारण १६७० ते १७२० मधल्या हस्तिदंती गोल मुठी, ज्यांच्यावर चांदीच्या बारीक खिळ्यांनी ठिपक्यांची नक्षी असते, हा तर वेगळाच आणि महागडा प्रांत.

आणि लोककलेच्या काठ्या. माझा जीव इथे आहे, ते लपवत नाही. कारण इथे सोनंचांदी जवळजवळ नसते, सगळा मान कोरणाऱ्याच्या हाताचा. हेन्री गजेल हा अमेरिकेतल्या मिसुरीतला, गुलामगिरीत जन्मलेला कारागीर. त्याने साधारण १८६७ मध्ये यादवी युद्धात जखमी झालेल्या एका माणसासाठी काठी कोरली, ती आता येल विद्यापीठाच्या कलादालनात आहे. वरच्या भागात पीळ आणि कडी, त्याखाली सरडा, कासव, गुडघे दुमडून दांड्याला मिठी मारलेला माणूस, पानाची डहाळी, आणि तळाकडे वेटोळं घालून चढणारा साप. एका अखंड लाकडात. फोटो मोठा करून बघा, साप दांड्यावरून कुठेही सुटलेला वाटत नाही, लाकडाच्या आतूनच वर आल्यासारखा दिसतो. अभ्यासकांना त्यात आफ्रिकेतल्या काँगो भागातल्या कोरीव दंडांचा वारसा दिसतो. पेन्सिल्व्हेनियातल्या जर्मन भाषक वस्तीत सिमन्स नावाचा एक भटका कारागीर होता, मुठीवर पक्षी कोरायचा, त्याला लोक 'श्टॉकश्निट्झलर' म्हणजे काठ्या कोरणाराच म्हणायचे. असे हात ओळखायला लागलात की मजा वेगळीच आहे, कारण सही नसते, पक्ष्याच्या शेपटीवरून माणूस ओळखायचा असतो.

काही काठ्या मात्र संग्रहाच्या वाटेला जाऊच नयेत असं मला मनापासून वाटतं. घानामधल्या असांते राजांच्या प्रवक्त्यांचे सोन्याचा वर्ख दिलेले दंड, न्यूझीलंडच्या माओरी वक्त्यांचे टोकोटोको, किंवा लिंकनने न्यू मेक्सिकोतल्या पुएब्लो या मूळ अमेरिकी समाजाच्या प्रमुखांना दिलेल्या, १८६३ साल आणि त्याचं नाव कोरलेल्या चांदीच्या मुठीच्या काठ्या. या काठ्या त्या त्या समाजात आजही अधिकाराची खूण आहेत, नवा प्रमुख आला की त्याच्या हातात जातात. बाजारासाठी केलेले नमुने वेगळे, ते खुशाल घ्या. पण खरोखर वापरातली अधिकाराची काठी कुणी विकायला आणली तर हात मागे घ्या.

आता काठी हातात घ्या

शेंबीपासून सुरुवात. १८व्या आणि १९व्या शतकाच्या सुरुवातीच्या काठ्यांना लांबलचक धातूची शेंबी असते, तीन-चार इंच किंवा जास्तही, कारण रस्ते चिखलाचे होते. पुढे फुटपाथ आले, शेंबी आखूड झाली. बरेचदा पितळेची नळी आणि टोकाला लोखंडाची चकती, युरोपच्या मुख्य भूमीवर शिंगाचीही सापडते. रबरी टोपण असेल तर ते नंतर कुणीतरी घातलेलं, ते काढून आत काय आहे बघायची परवानगी मागा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झीज. माणूस काठी एकाच हातात, एकाच कोनात टेकतो त्यामुळे खरी वापरलेली शेंबी एका बाजूने तिरकी झिजलेली असते. सगळीकडून सारखी गोल घासलेली असेल तर कुणीतरी कानस चालवली आहे असं समजा. आणि मुठीवर पन्नास वर्षांचे हात फिरल्याची झळाळी आणि शेंबी मात्र कोरी करकरीत, असं असेल तर शेंबी बदलली आहे. ते पाप नाही, शेंबी झिजायचीच, पण विकणाऱ्याने सांगायला हवं.

मग दांडा. डोळ्यासमोर बंदुकीसारखा धरून एका टोकाकडून बघा, बाक कळतो. लांबी मोजा, पुरुषांची पूर्ण काठी साधारण ३४ ते ३७ इंच. बरीच कमी भरली तर एकतर स्त्रीसाठी किंवा ठेंगण्या माणसासाठी केलेली, किंवा नंतर कापलेली. कापलेली कशी ओळखायची? दांडा खाली हळूहळू निमुळता होत जातो, तो निमुळतेपणा अर्धवट वाटला आणि शेंबी जरा जास्त जाड बसवलेली दिसली की शंका घ्यायची. दांड्यावर वरच्या बाजूला आरपार दोन भोकं असतील, त्यांना धातूचं किंवा हस्तिदंताचं अस्तर असेल तर खूश व्हा, ती मनगटात अडकवायच्या दोरीसाठी असायची आणि ते बहुधा १८व्या किंवा १९व्या शतकाच्या पूर्वार्धाचं लक्षण.

लाकूड ओळखणं हा मोठा विषय आहे, कामापुरतं सांगतो. मलाक्का वेत म्हणजे आग्नेय आशियातला जाड वेत, तांबूस तपकिरी, दोन पेरांमधलं अंतर इतकं लांब की अख्खा दांडा बिनगाठीचा निघतो, आणि एका बाजूने अंगच्या उंचवट्याची बारीक धार उभी जाते, बोट फिरवलं की लागते. श्रीमंतांची आवडती काठी हीच. आबनूस काळं आणि जड, पण काळं रंगवलेलं साधं लाकूडही तितकंच सर्रास, म्हणून शेंबीच्या कडेला किंवा खरचटलेल्या जागी बघा, खाली फिकट लाकूड दिसलं की आबनूस नाही. स्नेकवुड दक्षिण अमेरिकेतलं, सापाच्या अंगासारखे ठिपके, पाण्यात बुडेल इतकं जड, आणि तडकणारं, म्हणून बारीक चिरा असल्या तर घाबरू नका पण मोजून घ्या. आयर्लंडचं ब्लॅकथॉर्न गाठीगाठींचं असतं, काट्यांचे बुडखे तसेच ठेवलेले. आणि गटापर्चा, झाडाच्या चिकापासून केलेला काळा पदार्थ, १९व्या शतकाच्या मध्याला काठ्यांसाठी फार चालला. १८५६ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये खासदार प्रेस्टन ब्रुक्सने सिनेटर चार्ल्स समनरला ज्या काठीने मारलं, ती याच पदार्थाची होती, सोन्याच्या मुठीची, आणि मारता मारता तिचे तुकडे झाले. गटापर्चा काळानुसार ठिसूळ होतो, त्यामुळे धड राहिलेल्या काठ्या मोलाच्या.

कडं म्हणजे काठीचा जन्मदाखला. ते असतंच सांधा झाकायला, त्यामुळे खोटेपणाही तिथेच झाकला जातो. मूठ आणि दांडा कड्यात किती घट्ट आणि सरळ बसलेत, फटीतून ताजा गोंद दिसतोय का, कड्याचा घेर दांड्याला नीट जुळतो का की मध्ये काहीतरी भरलंय, हे भिंग लावून बघा. दोन वेगळ्या काठ्यांचे भाग जोडून केलेल्या काठीला संग्राहक 'मॅरेज' म्हणतात आणि ती नेहमी कड्यापाशीच पकडली जाते.

चांदी असेल तर छाप वाचा. इंग्लंडचा चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग शुद्ध चांदी असलेली स्टर्लिंग, शेजारी नांगर असेल तर बर्मिंगहॅम, बिबट्याचं तोंड लंडन, मुकुट जुन्या काळचं शेफिल्ड, आणि एक अक्षर असतं त्यावरून सालच काढता येतं, त्याचे तक्ते सहज मिळतात. फ्रान्सचं १८३८ पासूनचं मिनर्वा या रोमन देवीचं डोकं. जर्मनीचा चंद्रकोर आणि मुकुट, १८८८ पासून, बहुतेक वेळा ८०० आकड्यासोबत. ईपीएनएस असं दिसलं तर तो चांदीचा मुलामा आहे. अमेरिकेत समारंभाने भेट दिलेल्या सोन्याच्या मुठी बऱ्याचदा भरीव सोन्याच्या नसतात, वर सोन्याचा पातळ पत्रा असतो. त्याने काही बिघडत नाही, फक्त माहीत असावं. आणि छापाचं साल आणि बाकीच्या काठीचा काळ यांचं पटलं पाहिजे. १९०५ चा छाप आणि विकणारा म्हणतोय की काठी १७८० ची, तर कडं तरी नंतरचं किंवा गोष्ट तरी नंतरची.

कोरलेली नावं आणि तारखा यांच्यावर लगेच भाळू नका. प्रसिद्ध माणसाचं नाव नंतर कोरणं ही सगळ्यात जुनी लबाडी आहे. जुनी अक्षरं पॉलिश करून करून मऊ झालेली असतात, कडा बोथट, खाचेत काळेपणा बसलेला. बोटाला टोचणारी, आतून चमकणारी अक्षरं आणि भोवतीची चांदी मात्र झिजलेली, असं कसं होईल?

आता मूठ

समजा समोर कुत्र्याच्या तोंडाची लाकडी मूठ आहे. लांबून सगळ्याच छान दिसतात, भिंग घ्या आणि आधी हनुवटीखाली बघा, कारण तिथे कारागीर फार पॉलिश करत नाही आणि हत्याराच्या खुणा राहतात. हाताने कोरलेल्या केसाची प्रत्येक रेघ एका टोकाला खोल आणि दुसऱ्या टोकाला उथळ होत विरते, कारण पटाशी लाकडात शिरते आणि वर येते, आणि कुठल्याही दोन रेघा सारख्या नसतात. साच्यात ओतलेल्या रेझिनमध्ये, म्हणजे प्लास्टिकसारख्या पदार्थात, रेघांचा तळ गोलसर असतो, खोली सगळीकडे एकच, कुठेतरी टाचणीच्या टोकाएवढी हवेची भोकं, आणि बहुधा हनुवटीखालून किंवा मानेवरून साच्याच्या जोडाची बारीक रेघ. मग झीज बघा. स्वतः ती मूठ धरा, तळवा कुठे टेकतो? कपाळावर आणि नाकाच्या वरच्या भागावर. मग झीज तिथेच हवी, कानांच्या कडांवर थोडी, आणि कानाच्या आत, तोंडाच्या कोपऱ्यात जुना मळ घट्ट काळा बसलेला हवा. मळ सगळीकडे सारखा आणि ओल्या फडक्याने पुसला जातोय, म्हणजे बूटपॉलिश. डोळे काचेचे असतील तर खोबणी नीट कोरून बसवलेली आहे का, की गोंदात बुडवलेले आहेत. एवढं बघितलं की दहातल्या नऊ नकला गळतात.

हस्तिदंत, हाड, शिंग आणि त्यांच्या नकला. हस्तिदंताच्या आडव्या छेदावर, म्हणजे मुठीच्या वर किंवा टोकाला, एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेघांची जाळी दिसते, तिला श्रेगर रेघा म्हणतात. बाहेरच्या बाजूच्या रेघांचा कोन ११५ अंशांपेक्षा मोठा असेल तर हत्ती, ९० पेक्षा लहान असेल तर मॅमथ. हाडात अशी जाळी नसते, बारीक काळे ठिपके किंवा चिरट्या दिसतात, त्या रक्तवाहिन्यांच्या नळ्या. सेल्युलॉइड हे सुरुवातीचं प्लास्टिक १८७० च्या आसपास आलं आणि त्याने हस्तिदंताची फार नक्कल केली, पण त्यातल्या रेघा समांतर आणि अतिशय नियमित असतात, आणि जोरात चोळून गरम केलं की कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून बघा असा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका, डाग कायमचा राहतो. व्हेलच्या दातावर चित्रं कोरलेल्या मुठींच्या प्लास्टिकच्या नकला तर इतक्या निघाल्यात की खात्रीशीर इतिहास नसेल तर मी त्या बाजूला ठेवतो.

कायद्याचं अंग

कंटाळवाणं वाटेल पण इथे चूक झाली तर काठी जप्त होते. वन्यजीवांच्या व्यापाराचा साइट्स हा आंतरराष्ट्रीय करार १९७५ पासून लागू आहे, हस्तिदंत, कासवाची पाठ, गेंड्याचं शिंग, व्हेलचे अवयव, ब्राझिलियन रोजवुड हे सगळं त्याच्या कक्षेत येतं. वस्तू जुनी आहे म्हणून आपोआप सूट मिळते असं नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार जवळपास बंद केला, शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना सूट आहे पण वय सिद्ध करणं तुमच्यावर. ब्रिटनचा हस्तिदंत कायदा २०१८ चा, लागू झाला २०२२ मध्ये. १९४७ पूर्वीच्या आणि दहा टक्क्यांपेक्षा कमी हस्तिदंत असलेल्या वस्तूंना त्यात नोंदणी करून सूट आहे, आणि अख्खी मूठ हस्तिदंताची असलेली काठी त्या दहा टक्क्यांत बसते की नाही हे मोजूनच ठरवावं लागतं. २०२५ पासून त्यात पाणघोडा, नारव्हाल, स्पर्म व्हेल आणि किलर व्हेलही आलेत. म्हणजे एका देशात कायदेशीर घेतलेली काठी दुसऱ्या देशाच्या सीमेवर बेकायदेशीर ठरू शकते. परदेशातून मागवण्याआधी दोन्ही देशांचे नियम वाचा आणि लेखी कागद घ्या. नवशिक्याला माझा सल्ला सरळ आहे, लाकूड, शिंग, चांदी आणि वेत यातच राहा, आयुष्य पुरेल एवढं काम त्यात आहे.

आत पातं लपवलेल्या काठ्यांचंही तसंच. ब्रिटनमध्ये १९८८ पासून त्या बंदी असलेल्या हत्यारांच्या यादीत आहेत, शंभर वर्षांहून जुन्यांना सवलत. रेमिंग्टन कंपनीची १८५८ च्या पेटंटची बंदुकीची काठी हा संग्राहकांचा मोठा लाडका प्रकार, पण ती शेवटी बंदूक आहे. आपल्या देशाचा शस्त्र कायदा न बघता असलं काही घरात आणू नका. कुठलीही काठी घेताना मूठ हलके पिळून बघायची सवय ठेवा, आत काय आहे ते कधी विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

विकत घेताना

फोटोवरून घेत असाल तर सहा फोटो मागा, मुठीच्या दोन्ही बाजू, कड्याचा सांधा जवळून, छाप, शेंबीचं टोक समोरून, आणि अख्खी काठी मोजपट्टीसोबत. विकणारा सांध्याचा फोटो द्यायला टाळाटाळ करतोय म्हणजे उत्तर मिळालं. दुरुस्ती काय झाली आहे हे लेखी विचारा. तुटून चिकटवलेला कान, भरलेली चीर, नवीन डोळा, हे अंधारात अतिनील टॉर्च मारली की बऱ्याचदा उठून दिसतं, कारण गोंद आणि नवीन वॉर्निश वेगळे चमकतात. चांदीच्या मुठी बऱ्याचदा पातळ पत्र्याच्या असून आत राळ भरलेली असते, त्यातले पोचे काढणं अवघड, म्हणून पोचे असलेली स्वस्तातली मूठ मी घेत नाही.

आणि तो मघाचा प्रश्न, ही काठी इथवर आली कशी. कुणाच्या घरातून, कुणी कुणाला दिली, जुना फोटो आहे का, पावती आहे का. नुसतं आमच्या पणजोबांची एवढं पुरत नाही, पण पणजोबांचा ती काठी हातात घेतलेला फोटो असेल तर तो काठीसोबतच मागून घ्या, नंतर मिळत नाही. मी तर म्हणेन मध्यम दर्जाची पण खरा इतिहास असलेली काठी ही अनाम, झगमगीत काठीपेक्षा केव्हाही वरचढ, लोक थांबून ऐकतात ती तिचीच गोष्ट.

प्रत्येक काठीची नोंद ठेवा, लांबी, वजन, साहित्य, छाप, दुरुस्त्या, कुणाकडून घेतली, फोटो. काठीवर स्टिकर चिकटवू नका, दोऱ्याने छोटी चिठ्ठी बांधा.

सांभाळायचं कसं

कमीत कमी हात लावणं हीच देखभाल. कोरड्या मऊ ब्रशने खाचांतली धूळ काढा. जवसाचं तेल चोपडायचा मोह आवरा, ते खाचांत साचून चिकट आणि काळं होतं. संग्रहालयात वापरतात तसलं मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी थोडं लावून मऊ कापडाने फिरवलं की लाकडाला पुरतं. पण शंभर वर्षांची जी झळाळी आहे ती घासून काढलीत, नवीन वॉर्निश मारलंत, तर काठीचा जीव गेला, ती परत येत नाही. चांदीही आरशासारखी करू नका, दर पॉलिशला छाप थोडा थोडा पुसला जातो.

हस्तिदंत आणि लाकूड दोघांनाही हवेतले चढउतार सोसत नाहीत, आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा, उन्हापासून, हीटरपासून आणि तापणाऱ्या दिव्यांपासून लांब. लाकडात बारीक गोल भोकं आणि खाली ताजी पिठासारखी पूड दिसली की किडा जिवंत आहे, ती काठी लगेच पिशवीत बंद करून बाकीच्यांपासून वेगळी करा आणि जाणकाराला दाखवा. सेल्युलॉइडच्या मुठी मोकळ्या हवेत, वेगळ्या ठेवा. ते जुनं झालं की विघटन होतं, त्यातून निघणारे वायू शेजारच्या धातूला खातात आणि ते फार लवकर पेट घेतं.

भिंतीला टेकवून वर्षानुवर्षं उभी ठेवलेली काठी वाकते. एकतर मुठीखाली आधार देऊन उभी लटकवा, नाहीतर खणात आडवी, मऊ कापडावर. मांडणीसाठी मी स्वतः कड्या असलेली उभी चौकट पसंत करतो, प्रत्येक काठी वेगळी उभी राहते, मुठी एकमेकींवर आपटत नाहीत. सगळ्या एका पिंपात कोंबल्या की शान जाते आणि कानही तुटतात. चार-पाचच बाहेर ठेवा, बाकीच्या आत, अधूनमधून बदला.

बाहेर घेऊन फिरायची असेल तर त्यासाठी संग्रहातली दणकट, आधीच दुरुस्त झालेली, फार दुर्मिळ नसलेली एक काठी वेगळी काढा. बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचा, मुठीचा माथा मनगटाच्या घडीशी आला म्हणजे ती तुमच्या मापाची. लांब पडली तरी कापायची नाही, दुसरी शोधायची.